विजयसाराचा पेला आणि प्रमाणाची कसोटी



यात्रेत, कृषी प्रदर्शनात, देवस्थानाच्या वाटेवरच्या दुकानात तपकिरी लाकडाचा एक पेला विकायला ठेवलेला अनेकांनी पाहिला असेल. रात्री त्यात पाणी भरून ठेवावे, सकाळी ते अनशापोटी प्यावे, मधुमेह आटोक्यात येतो, असे विक्रेता सांगतो. पाणी रातोरात तांबूस होते आणि उन्हात धरले की त्यावर निळसर झाक उमटते. ती झाक पाहूनच निम्मे ग्राहक जिंकले जातात. पेला घरी येतो, स्वयंपाकघरातल्या फळीवर त्याला मानाची जागा मिळते, आणि काही घरांत त्याच आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या बंद होतात. आजच्या विषयाची निकड या शेवटच्या वाक्यात आहे.

या पेल्याबद्दल समाजात दोन प्रकारची माणसे आढळतात. लाकडाचे पाणी पिऊन साखर उतरते म्हणे, असे म्हणून हसणारा एक वर्ग. ऋषिमुनींनी सांगितले आहे, त्याला पुरावा कशाला, असे म्हणणारा दुसरा. दोघांची भांडणे वर्षानुवर्षे चालू आहेत. गंमत अशी की, ज्या थोड्या भारतीय वनस्पतींची मधुमेहासाठी माणसांवर रीतसर चाचणी झाली, त्यांत विजयसाराचा समावेश होतो, आणि ही चाचणी खुद्द भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने घेतली. हसणाऱ्यांनी ती वाचलेली नसते आणि मानणाऱ्यांनीही वाचलेली नसते.

विजयसार म्हणजे महाराष्ट्रातला बिबळा. कोठे त्याला बिवळा म्हणतात, कोठे बिबला. बिब्ब्याशी त्याचा काही संबंध नाही. सह्याद्री आणि सातपुड्याच्या पानझडी जंगलांत वाढणारा हा मोठा वृक्ष. पिवळी फुले आणि कडेने पंखासारखी पातळ पाळ असलेल्या, पापडासारख्या चपट्या गोल शेंगा ही त्याची ओळख. खोडाला घाव घातला की लाल चीक निघतो आणि वाळून त्याचा डिंक होतो. हा डिंक 'किनो' या नावाने युरोपात जात असे आणि ब्रिटिश औषधकोशात स्तंभक औषध म्हणून त्याची नोंद होती. लाकूड टणक, टिकाऊ. घराच्या तुळया, दारे आणि शेतीची अवजारे त्यातून घडली. औषधासाठी वापरला जातो तो खोडाच्या आतला गडद गाभा.

संस्कृत ग्रंथांत हा वृक्ष असन, बीजक अशा नावांनी येतो. सुश्रुताने असनाला सालसारादि गणात बसवले आणि तो गण प्रमेह, कुष्ठ, पांडुरोग व मेद यांवर सांगितला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर असनादि नावाचा स्वतंत्र गणच आहे. चरकाने प्रमेहाचे २० प्रकार मोजले: १० कफज, ६ पित्तज आणि ४ वातज. त्यांतल्या वातज प्रकारांत मधुमेह येतो. सुश्रुताने याहूनही लक्षणीय असे एक निरीक्षण नोंदवले आहे. काहींना हा रोग जन्मतःच जडतो आणि असा रोगी कृश असतो, तर काहींना तो अपथ्य आहारविहाराने जडतो आणि असा रोगी स्थूल असतो. आजच्या टाइप-१ आणि टाइप-२ या विभागणीशी हे तंतोतंत जुळवण्याचा मोह टाळावा. तरीही रक्तातील साखर मोजण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना केवळ डोळसपणे रोगी पाहून केलेले हे वर्गीकरण आहे, याचे मोल कमी होत नाही.

मात्र याच ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. प्रमेह हा मूत्राशी निगडित विकारांचा व्यापक वर्ग आहे, आणि रक्तशर्करेच्या आकड्यावरून ठरणारा आजचा मधुमेह ही त्याहून नेमकी गोष्ट आहे. ग्रंथाने असनाला प्रमेहघ्न म्हटले, म्हणून त्याने उपाशीपोटीची साखर इतक्या अंकांनी उतरते, असे सिद्ध होत नाही. पुढे काय तपासावे याचे सबळ कारण मात्र मिळते. सहस्रावधी वनस्पतींतून नेमकी हीच का निवडावी, या प्रश्नाचे उत्तर परंपरा देते. प्रयोगशाळेला ते आयते मिळते, हा उपकार लहान नाही.

निवडीनंतरची पहिली अडचण नावाची. 'असन' या नावाने हिंदी प्रदेशात बहुधा ऐन ओळखला जातो. महाराष्ट्रात असाणा किंवा काटेअसाणा म्हणून जे झाड दाखवतात, ते तिसरेच असते. तिन्ही जंगली, तिन्हींचे लाकूड बाजारात येते. वखारीत कापून ठेवलेल्या तुकड्यावरून सामान्य ग्राहकाने ते ओळखायचे तरी कसे? त्यामुळे चाचणीची खरी सुरुवात रुग्णापाशी होत नाही. हातातले लाकूड बिबळ्याचेच आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाने ठरवणे, कोणत्या भागाचा आणि कसा अर्क काढला हे लिहून ठेवणे, प्रत्येक खेपेला तो अर्क सारखाच उतरतो हे पाहणे, येथून ती होते. यात्रेतल्या पेल्याबाबत यांतले काहीच ठाऊक नसते. लाकूड किती जुने, पाणी किती तास ठेवले, त्यात काय आणि किती उतरले, हे सगळे अंधारात. काही आठवड्यांनी पाण्याचा रंग फिका पडू लागतो आणि दुकानदार नवा पेला घ्यायला सांगतो, एवढेच काय ते मोजमाप.

प्रयोगशाळेतला इतिहासही बोधप्रद आहे. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात भारतीय संशोधकांच्या एका गटाने खळबळजनक निष्कर्ष प्रसिद्ध केला. विजयसारात सापडणाऱ्या एपिकॅटेचिन या द्रव्याने उंदरांच्या स्वादुपिंडातील नष्ट झालेल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी, पुन्हा निर्माण होतात, असा तो दावा होता. हे खरे ठरले असते, तर मधुमेहाचा इतिहासच बदलला असता. पण पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्याच नियतकालिकात जर्मन संशोधकांनी लिहिले की, त्यांना असा परिणाम आढळला नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतून आलेला अहवालही निराशाजनकच होता. अशा प्रयोगांत उंदराला अलॉक्सन नावाचे विष टोचून मधुमेही केले जाते. विषाची मात्रा अपुरी पडली की उंदीर आपोआपही सावरतो, आणि मग श्रेय औषधाला दिले जाण्याचा धोका राहतो. शिवाय एपिकॅटेचिन चहात असते, कोकोत असते, सफरचंदातही असते. आजही विजयसाराच्या जाहिरातीत 'बीटा पेशी पुन्हा निर्माण करणारे' असे वाक्य छापले जाते. ते १९८१ च्या दाव्यावर उभे आहे. १९८२ चे उत्तर मात्र जाहिरातीत कोणी छापत नाही.

येथे निराश होऊन थांबावे, असे परिषदेला वाटले नाही, हे तिचे श्रेय. एखादे घटकद्रव्य फसले, तरी संपूर्ण औषध रुग्णाला उपयोगी आहे की नाही हा प्रश्न उरतोच. म्हणून परिषदेने देशातील चार केंद्रांवर नव्याने निदान झालेल्या टाइप-२ च्या रुग्णांना विजयसार देऊन पाहिले. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला २ ग्रॅम मात्रेने आरंभ करायचा, साखर आटोक्यात आली नाही तर ३ आणि मग ४ ग्रॅमपर्यंत न्यायचे, अशी पद्धत होती. एकूण ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची, म्हणजे शेकडा ६९ जणांची, साखर १२ आठवड्यांत ठरवलेल्या मर्यादेत आली. उपाशीपोटीची साखर सरासरी १५१ मिलिग्रॅम होती, ती ३२ ने उतरली. जेवणानंतरची २१६ होती, ती ४५ ने उतरली. दुष्परिणाम दिसले नाहीत.

आकडे उत्साहवर्धक आहेत आणि ते भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांवर मिळवलेले आहेत. पण त्याच अहवालातला आणखी एक आकडा बाजूला ठेवता येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या सुमारे तीन महिन्यांचा सरासरी हिशेब कळतो. त्या तपासणीला एचबीए-वन-सी म्हणतात. तो आकडा ९.८ वरून ९.४ वर आला. उतार खरा, पण सर्वसाधारण रुग्णाचे उद्दिष्ट सातच्या आसपास असते. त्या काळी या तपासणीच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक वेगळ्या असत, आणि १२ आठवड्यांत हा आकडा पूर्णपणे खाली येतोच असेही नाही, हे मान्य केले तरी ९.४ हा आकडा समाधानाचा नव्हे. दुसरी मर्यादा याहून मोठी. ही चाचणी खुली होती. औषध घेतो आहोत हे रुग्णाला ठाऊक, देतो आहोत हे डॉक्टरला ठाऊक, आणि तुलनेसाठी औषध न घेणारा गट नाही. मधुमेहाचे नुकतेच निदान झालेला माणूस घाबरलेला असतो. तो चहातली साखर सोडतो, पहाटे फिरायला लागतो, लग्नाच्या पंगतीत जिलेबीचे ताट परत पाठवतो. यातून उतरलेली साखर किती आणि विजयसारातून उतरलेली किती, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

संशोधकांना हे अर्थातच ठाऊक होते. म्हणूनच पुढची चाचणी त्यांनी अधिक कठोर रचली. साडेतीनशेहून अधिक रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी झाली. एका गटाला विजयसार, दुसऱ्याला टॉलब्युटामाइड ही त्या काळची परिचित गोळी. कोणाला काय मिळते आहे हे ना रुग्णाला कळले, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. ३६ आठवड्यांनंतर विजयसाराच्या गटात शेकडा ८६ आणि गोळीच्या गटात शेकडा ९४ रुग्णांची साखर नियंत्रणात होती. हा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही क्रोएशियातून निघणाऱ्या एका मधुमेहविषयक नियतकालिकात. भारतीय करदात्याच्या पैशातून, भारतीय वृक्षावर झालेली सर्वांत महत्त्वाची चाचणी भारतातल्या किती डॉक्टरांच्या वाचनात आली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

निष्कर्ष प्रांजळपणे वाचला तर असा: सौम्य, नव्याने उद्भवलेल्या टाइप-२ मधुमेहात विजयसार काहीतरी करीत असावे, प्रस्थापित गोळीच्या थोडे मागे पण फार मागे नाही. दोन्ही गट आपापला आहार सांभाळत होते आणि निव्वळ आहारावर ठेवलेला तिसरा गट नव्हता, ही त्रुटी येथेही राहिली. आणि ज्या टॉलब्युटामाइडशी तुलना केली, ते औषध तोपर्यंत मागे पडत चालले होते. पुढची पायरी उघड दिसत होती. मेटफॉर्मिनशी तुलना करावी, काही शे ऐवजी काही हजार रुग्ण घ्यावेत, आठवड्यांऐवजी वर्षे मोजावीत, आणि साखरेच्या आकड्यापलीकडे जाऊन डोळे, मूत्रपिंड आणि हृदय वाचतात का ते पाहावे. त्या मापाची चाचणी विजयसाराची झाली नाही.

मेटफॉर्मिनचे नाव निघाले, तर त्याची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. हे औषधही एका पारंपरिक वनस्पतीच्या वाटेनेच आले. युरोपात गॅलेगा नावाचे एक रानटी झुडूप मध्ययुगापासून औषधात वापरले जात असे. त्यात ग्वानिडिन वर्गातली द्रव्ये असतात. ग्वानिडिनने सशांची साखर उतरते, असे १९१८ मध्ये दिसले. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये तयार झाले आणि मग कित्येक वर्षे अडगळीत पडले. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. झां स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. अमेरिकेने परवानगी दिली ती १९९४ च्या अखेरीस. आणि १९९८ मध्ये, म्हणजे परिषदेचा विजयसारावरचा पहिला अहवाल आला त्याच वर्षी, ब्रिटनच्या यू.के.पी.डी.एस. या प्रदीर्घ अभ्यासाने दाखवले की, स्थूल मधुमेहींत मेटफॉर्मिनने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होतात. त्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेणारे रुग्ण ३४२ होते. संख्या फार मोठी नव्हे, पण त्यांच्यावर सरासरी १० वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले. इकडे १२ आठवडे, तिकडे १० वर्षे. आज गॅलेगाचा काढा कोणी पीत नाही. ते झुडूप खाऊन मेंढ्या मरतात, इतके ते विषारी आहे. वनस्पतीने वाट दाखवली, पण मुक्कामाला पोहोचवले ते ७० वर्षांच्या चिकाटीने.

हे भारतात होऊच शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ५० रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. त्याआधी १९३१ मध्येच कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले होते. वकिलांच्या लेखानंतर अवघ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीने तीतून रिसर्पिन वेगळे काढले. त्या औषधाने काही रुग्णांना गंभीर नैराश्य येते, हेही पुढे उघड झाले ते काटेकोर नोंदींमुळेच. गुण आणि दोष दोन्ही एकाच वहीत लिहिले गेले.

मग विजयसाराची वही मध्येच का मिटली? एक कारण पैशाचे. मोठी चाचणी म्हणजे कोट्यवधींचा खर्च, आणि जे ज्ञान परंपरेने सर्वांचे आहे त्याचे पेटंट मिळत नाही, म्हणून खासगी कंपनी तो खर्च उचलत नाही. हे ज्ञान सर्वांचे आहे हे जगाकडून मान्य करून घेण्यासाठी भारताने लढा दिला, ही अभिमानाची गोष्ट. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सी.एस.आय.आर.ने हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतले. १९९९ मध्ये जांभूळ, कारले, वांगे आणि गुडमार यांच्या मधुमेहावरील मिश्रणाला अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हाही देशभर संताप उसळला होता. तो संताप रास्तच. पण ज्ञान आपले आहे हे सिद्ध केल्यावर ते खरे आहे का, कितपत आणि कोणासाठी, हे तपासण्याचे कामही आपल्याकडेच येते. वारसाहक्काचा दावा जिंकायचा आणि मग शेत पडीक टाकायचे, असे काहीसे येथे झाले.

बाजार मात्र थांबला नाही. सरकारी प्रयोगशाळांनी विकसित केलेले, विजयसारासह सहा वनस्पतींचे एक मिश्रण दहा वर्षांपूर्वी मोठ्या गाजावाजाने औषधांच्या दुकानांत आले. सहांपैकी काम कोण करते आणि ओझे कोण होते, हे मिश्रणाच्या गोळीवरून कळायला मार्ग नसतो. पारंपरिक औषधाला बाजारात येण्यासाठी नव्या रासायनिक औषधाइतक्या कठोर चाचण्यांची अट नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पण ती बंदी भिंतीवरच्या रंगवलेल्या अक्षरांना अजून कळलेली दिसत नाही. २०१५ मध्ये शासनाने वनस्पतिजन्य शुद्ध अर्कांसाठी 'फायटोफार्मास्युटिकल' असा वेगळा वर्ग निर्माण केला. विजयसाराचे प्रमाणित औषध रीतसर चाचण्यांतून नेऊन मान्य करून घ्यायचे, तर दार उघडे आहे.

प्रश्न किती लोकांचा आहे, हे सांगायला हवे. परिषदेच्याच अर्थसाह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावरच्या माणसाला स्वस्त, सुरक्षित आणि घरचे असे काही मिळाले, तर देशाचे केवढे कल्याण होईल! विजयसाराची खरी जागा कदाचित तेथेच असेल. पण 'कदाचित' या शब्दावर कोणी औषध सोडू नये.

विशेषतः इन्सुलिन. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्याच्यावर विजयसाराची ही चाचणी झालेलीच नाही. चाचणीतले सर्व रुग्ण टाइप-२ चे होते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी अशी मुले उपासमारीच्या पथ्यावर काही महिने तग धरत आणि जात. कोणा आप्ताच्या आग्रहावरून अशा मुलाचे इन्सुलिन थांबवले, तर काही दिवसांतच प्राणावर बेतते. मोठ्या माणसांचे तसे तत्काळ दिसत नाही, म्हणून ते अधिक फसवे. साखर वाढलेली असते, दुखत काहीच नाही, पेल्याचे पाणी नेमाने चालू असते, आणि चार-पाच वर्षांनी पायाची जखम भरत नाही तेव्हा जाग येते. ज्याला पेल्याचे पाणी प्यायचेच आहे, त्याने ते आपल्या डॉक्टरांना सांगून प्यावे, गोळ्या चालू ठेवाव्यात, आणि साखरेचे आकडे तारखेसह वहीत लिहावेत. गोळ्या आणि पाणी मिळून साखर गरजेपेक्षा खाली गेली, तर मात्रा डॉक्टर कमी करतील. संकोचाने लपवलेला पेला दोघांचीही दिशाभूल करतो.

आणि शेवटी या वृक्षाविषयी. पेला होतो तो खोडाच्या गाभ्याचा. फांदी छाटून किंवा पान तोडून हे भागत नाही, झाड आडवेच करावे लागते, आणि औषधी गाभा भरायला त्या झाडाला कित्येक दशके लागलेली असतात. त्या टणक शेंगेतले बी रुजण्याचे प्रमाणही बेताचे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत बिबळा आता संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींत नोंदलेला आहे. मधुमेही माणसाप्रमाणेच तोही उंबरठ्यावर. सर्पगंधेचे जंगल असेच उपसले गेले आणि १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. बिबळ्याचा औषधी अंश पानांत किंवा सालीत मिळतो का, रोपवाटिकेतल्या लागवडीचा गाभा जंगलातल्या गाभ्याइतका गुणकारी उतरतो का, हे प्रश्न रुग्णांवरच्या चाचणीइतकेच महत्त्वाचे आहेत. तोवर दर महिन्याला नवा पेला घेणाऱ्याने इतके तरी पाहावे की, ज्या झाडाचा तो तुकडा आहे त्याच्या जागी दुसरे कोणी लावले आहे का.